महादेवाच्या डोंगरातली ठिकाणं नकाशावर कशी लावायची? भुराभगत, चौरागड, जटाशंकर, नागद्वार

वरुडची_लेक यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. माझं माहेर वरुड तालुक्यातलं. आमच्या घरी शिवरात्रीला महादेवाला जायची चाल आजोबांपर्यंत होती. गावातून पोहा, म्हणजे यात्रेकरूंचा जथा, निघायचा, पुढं भगत, खांद्यावर त्रिशूळ, आणि वाटभर "हर बोला हर हर महादेव". आजी त्या वाटेवर बऱ्याचदा चालली आहे. तिच्या गाण्यांत पहिली पायरी, भुराभगत, मोठा महादेव, गुप्त महादेव, चौरागड, जटाशंकर अशी नावं एकामागून एक येतात. तिच्याकडून ऐकून मी ही वाट कागदावर काढायला घेतली आहे, पण नकाशात नावं नीट लागत नाहीत. चौरागड तर दोन दिसतात, एक पचमढीजवळ आणि एक गाडरवाऱ्याकडे. राणी दुर्गावतीच्या इतिहासात येतो तो कोणता?

नागद्वार याच डोंगरात आहे की वेगळीकडे, तेही कळत नाही. आणि खरं विचारायचं आहे ते असं : भस्मासुर, नाग, पांडव, मेघनाद, सगळ्यांच्या गोष्टी एवढ्याशा डोंगरात एकवटल्या कशा? आपल्या मेळघाटातही डोंगर आहे, जंगल आहे, मग तिथल्या गोष्टी वेगळ्या का? त्या भागातलं कुणी असेल तर सांगा. येत्या शिवरात्रीला आईला घेऊन जायचा विचार आहे.

---

सौंसरचे_गुरुजी

ताई, मी सौंसरचा. भूगोल शिकवण्यातच नोकरी गेली, आणि महादेवाची वाट आमच्या गावावरून जाते. माघात पोहे जायला लागले की शाळेतली अर्धी पोरं रस्त्यावर. त्यामुळं तुमचा प्रश्न जवळचा वाटला. लांबेल, पण सगळं लिहितो.

आधी पूर्ण सातपुडा डोळ्यांपुढं आणा. उत्तरेला नर्मदा, पश्चिम भागात दक्षिणेला तापी, आणि मधून पूर्व-पश्चिम गेलेली ही रांग. पश्चिमेला नंदुरबारकडचा तोरणमाळचा भाग, तुमच्या मेळघाटात गाविलगडाचे डोंगर, पूर्वेच्या टोकाला अमरकंटकचा मैकल. या सगळ्याच्या मधोमध नर्मदापुरम आणि छिंदवाडा जिल्ह्यांच्या सीमेवर जो उंचवटा आहे तो महादेव डोंगर. सातपुड्याचं सर्वांत उंच शिखर धूपगड इथंच आहे, १३५० मीटर. चौरागड त्याहून थोडा कमी. पचमढीचं पठार हजार मीटरच्या थोडं वर, आणि त्याच्या भोवती तुटलेले कडे.

आता पाणी बघा, कारण पाण्यावरून हा डोंगर लवकर समजतो. देनवा नदी पचमढीला दक्षिणेकडून आणि पूर्वेकडून वळसा घालते, मग तव्याला मिळते, तवा नर्मदेला. म्हणजे पचमढीवर पडलेला पाऊस भडोचजवळ अरबी समुद्रात जातो. आणि आमच्या बाजूच्या, दक्षिण उताराच्या पावसाचं काय? पेंच आणि कन्हान दोन्ही छिंदवाडा जिल्ह्यात उगम पावतात, खाली नागपूर जिल्ह्यात उतरतात, कन्हान पुढं वैनगंगेला मिळते आणि ते पाणी प्राणहिता, गोदावरी करत बंगालच्या उपसागराला जातं. नागपूरचे लोक रोज पितात ते पाणी महादेवाच्या पाठीवरून उतरलेलं आहे. मुलांना हे शिकवताना मी नकाशावर दोन्ही बाजूंना बोटानं नद्या काढायला लावायचो. विदर्भातला माणूस या डोंगराकडं ओढला का जातो, याचं एक कारण मला तिथं दिसतं.

तुमच्या आजीबाईंच्या गाण्यांतला क्रम दक्षिणेकडून चालत येणाऱ्याचा आहे. तुम्ही पचमढी मध्यावर ठेवून नकाशा बघता, म्हणून नावं विखुरलेली वाटतात. पर्यटक पिपरियाला रेल्वेतून उतरतो आणि उत्तरेकडून वर येतो. पोहा येतो उलट बाजूनं : पांढुर्णा, सौंसर, छिंदवाडा, परासिया या पट्ट्यातून जुन्नारदेवला. तिथं पहिली पायरी. यात्रा तिथून धरली जाते. मग रानातली वाट, मग भुराभगत. भुराभगत हा महादेवाचा निस्सीम भक्त होता आणि देवाच्या दाराशी शिळा होऊन बसला, अशी श्रद्धा. आधी त्याला गुलाल लावायचा, मग पुढं. त्यानंतर देनवेचं खोरं ओलांडून चढ चढला की महादेव आणि चौरागड. पचमढी गाव आणि त्याला लागून असलेलं जटाशंकर हे या वाटेवर सगळ्यांत शेवटी येतं. तुमचा कागद दक्षिण वर धरून काढा, आजीचं गाणं सरळ लागेल.

चौरागडाचं तुम्ही बरोबर पकडलंत. हे दोन वेगळे आहेत आणि यूट्यूबवरचे लोक ते सर्रास एक करतात. गढा-मंडल्याच्या संग्रामशाहाचा किल्ला तो नरसिंहपूर जिल्ह्यातला, गाडरवाऱ्याच्या बाजूचा. राणी दुर्गावती पडल्यावर १५६४ मध्ये अकबराच्या आसफखानानं जो घेतला आणि जिथं राणीचा मुलगा वीरनारायण लढता लढता मारला गेला, तो तोच. आपला चौरागड हे शिखर आहे, किल्ला नव्हे. तिथं चौरा बाबानं तप केलं, महादेव प्रसन्न झाले आणि आपला त्रिशूळ तिथं ठेवून गेले, म्हणून नवसाचे त्रिशूळ वाहायचे. हातभर त्रिशुळापासून चार-सहा जणांनी आलटून-पालटून खांदा द्यावा लागतो असल्या त्रिशुळापर्यंत सगळे वर जातात. देवळाभोवती त्यांचा खच पडलेला असतो.

आता गोष्टी. भस्मासुराला वर दिला आणि तोच महादेवाच्या डोक्यावर हात ठेवायला धावला. महादेव लपत लपत फिरले. इटारसीजवळचं तिलक सिंदूर हे पहिलं लपण्याचं ठिकाण म्हणतात. तिथून भुयारानं पचमढीला आले, जटाशंकरला जटा सोडल्या, गुप्त महादेवाच्या कपारीत शिरले, आणि मोठ्या महादेवाच्या गुहेपाशी विष्णूनं मोहिनी होऊन भस्मासुराला नाचवत त्याचाच हात त्याच्या डोक्यावर ठेवायला लावला. ही कथा भारतभर आहे, पण ती इथंच इतकी घट्ट का रुतली, याचं उत्तर माझ्या मते दगडात आहे.

मेळघाटाचा आणि महादेव डोंगराचा दगड वेगळा. गाविलगडाची रांग काळ्या पाषाणाची, लाव्हाच्या थरांवर थर. त्यात टप्पे पडतात, कडे पडतात, धबधबे पडतात, पण माणूस आत शिरेल अशा नैसर्गिक गुहा फार होत नाहीत. म्हणून चिखलदऱ्याच्या गोष्टी बघा : विराट राजाचं वैराट, भीमानं कीचकाला मारून दरीत टाकलं, भीमकुंडात हात धुतले. कड्यावरून ढकलण्याच्या, कुंडात धुण्याच्या. उघड्यावरच्या गोष्टी आहेत त्या.

पचमढीचा दगड वालुकाश्म. ट्रायासिक काळातला, म्हणजे चोवीस-पंचवीस कोटी वर्षांपूर्वी नद्यांनी आणून टाकलेली वाळू आणि गोटे. दख्खनचा लाव्हा त्याच्यापुढं कालचा म्हणायचा, साडेसहा कोटी वर्षांचा. जुन्नारदेव-परासियाच्या कोळशाच्या खाणी आहेत ना, तो कोळसा या वालुकाश्माच्याही खालच्या, आणखी जुन्या थरांतला. गुप्त महादेवाला गेलात तर भिंतीकडं जवळून बघा. तिरप्या रेघा दिसतील, एकीवर एक, दिशा बदलत गेलेल्या. जुन्या नदीच्या प्रवाहानं वाळू जशी लोटली तशी ती तिथं गोठलेली आहे. मधेच सुपारीएवढे पांढरे गारगोटीचे गोटे रुतलेले. बाहेरच्या उघड्या दगडावर बोट घासलं तर बोटाला वाळू लागते. आणि आत, जिथून माणसं आडवी होऊन सरकतात, तिथं छातीच्या उंचीवर तोच दगड कपड्यांच्या घासण्यानं गुळगुळीत आहे.

या दगडाला उभ्या भेगा जातात, सरळ, खोल. पावसाचं पाणी भेगेत शिरतं आणि ती रुंदावत नेतं. गुप्त महादेव म्हणजे अशी एक भेग. हांडी खोह ही त्याच जातीची प्रचंड घळ, तीनशे फुटांच्या घरातली. तिथं पूर्वी तळं होतं, त्यात एक विषारी महासर्प राहायचा, महादेवानं त्याला कोंडलं आणि त्या तापानं तळं आटून गेलं, असं सांगतात. शिवाय वालुकाश्मात काही थर लोखंडामुळं टणक, काही मऊ. मऊ थर आधी झिजतो, टणक थर छपरासारखा वर राहतो, आणि गुहा तयार होते. वाळूचा दगड पाणी धरून ठेवतो आणि सावकाश सोडतो, त्यामुळं बाहेर नाले कोरडे पडले तरी मोठ्या महादेवाच्या गुहेत छतातून ठिबकत असतं. जटाशंकरच्या कपारीत असंच झिरपून झिरपून पिंडीसारखे उंचवटे तयार झालेत.

म्हणजे लपायला जागा आहे, आत अंधार आहे, वरून आपोआप अभिषेक चालू आहे. ज्या डोंगरात देवाला लपता येतं त्या डोंगरात लपण्याची गोष्ट राहते. भुयाराचंही तसंच. तिलक सिंदूरपासून पचमढीपर्यंत भुयार नाही, एवढं लांबलचक पोकळ या दगडात टिकणार नाही. पण त्या भेगेत उभं राहून पुढं बघितलं की वाट कुठं तरी निघत असेल असं कुणालाही वाटावं. मी मुलांना नेलं की आधी गोष्ट सांगायचो आणि मग दगड दाखवायचो. दगड आधी दाखवला की पोरं गोष्ट ऐकत नाहीत, आणि मला दोन्ही हवं होतं.

नागद्वार याच डोंगरात, धूपगडाच्या बाजूला. त्याबद्दल इथले नागपूरचे सदस्य जास्त सांगतील.

---

महाल_ते_नागद्वार

गुरुजींनी हाक मारली म्हणून लिहितो. आम्ही नागपूरचे, आमच्या मंडळाचा भंडारा असतो नागद्वारच्या वाटेवर. लहानपणी वडिलांच्या बोटाला धरून गेलो, आता पोरं माझ्यासोबत येतात.

ताई, पहिली गोष्ट म्हणजे ही यात्रा शिवरात्रीची नाही. नागपंचमीची. नागपंचमीच्या आधी दहाएक दिवस वाट उघडते आणि मग बंद. बाकी वर्षभर तो भाग व्याघ्र प्रकल्पाचा, कुणाला जाता येत नाही. तारखा बघताना नेहमी घोळ होतो तो असा : मध्य प्रदेशात महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावास्येला. त्यांचं सावन लागतं तेव्हा आपला आषाढ वद्य चालू असतो. यात्रेचे सुरुवातीचे दिवस आपल्या पंचांगात आषाढात पडतात. कालनिर्णयात श्रावण शोधत बसाल तर अर्धी यात्रा उरकलेली असेल.

धूपगडाकडच्या रस्त्यावरून पायवाट सुटते. भर पावसाळा, ढग अंगावरून जातात, पायाखाली शेवाळलेला दगड. काही कडे असे की लोखंडी शिडी लावल्याशिवाय उतरता येत नाही. पद्मशेषाची गुहा, म्हणजे मुख्य नागद्वार, मग चिंतामण, स्वर्गद्वार, असं करत माणूस फिरून येतो. स्वर्गद्वाराला खालून लिंबू फेकतात, कपारीत राहिलं तर नवस मान्य. जनावरं, साप असतात, पण आजवर आमच्या वाटेला कुणी गेलं नाही. आम्ही त्यांना "स्वामी" म्हणतो. वाटेत साप दिसला तर कुणी ओरडत नाही, काठी उचलत नाही, थांबायचं आणि जाऊ द्यायचं. भंडाऱ्यातली बारकी पोरं पहिल्या वर्षी हेच शिकतात.

वाटेवर काजरी गाव लागतं. त्याची गोष्ट माझी आई दर वर्षी सांगायची. काजरी नावाच्या बाईला मूल नव्हतं. मुलगा झाला तर नागदेवाच्या डोळ्यांत काजळ घालीन असा तिनं नवस बोलला. मुलगा झाला. काजळ घेऊन ती गुहेत गेली. देव आपल्या मूळ रूपात उभा राहिला, एवढा मोठा की ते बघून ती तिथंच गेली. गावाला तिचं नाव राहिलं. बाकी बहुतेक गोष्टींत नवस फेडला की गोड शेवट होतो. ही तशी नाही. बोललेला शब्द पाळायला ती गेली आणि देवाचं खरं रूप तिला पेलवलं नाही. आई ही गोष्ट सांगून झाली की थोडा वेळ काही बोलायची नाही.

आईला घेऊन जायचं म्हणता, तर नागद्वार नको. शिवरात्रीचं ठीक.

---

धारणीचा_पोथरे

मी कोरकू आहे, धारणी तालुक्यातला. मेळघाटाचं नाव निघालं म्हणून लिहितो. गुरुजींचं दगडाचं म्हणणं पटलं, पण मेळघाटात फक्त भीम-कीचक आहे असं वाचून थोडं राहवलं नाही. चिखलदऱ्याच्या पॉइंटवर पाटी लावलेली गोष्ट आणि पाड्यात सांगतात ती गोष्ट यांत फरक आहे.

आमची गोष्ट अशी. विंध्य आणि सातपुडा माणसांवाचून ओस पडलेला होता. रावणानं ते बघितलं आणि महादेवाला विनवलं, इथं माणसं वसव. महादेवानं आपला कागेश्वर कावळा पाठवला, लाल मातीचं वारूळ शोधून आण म्हणून. वारूळ सापडलं सावळगड-भवरगडच्या डोंगरात, म्हणजे महादेव डोंगराच्या जरा पश्चिमेला, बैतूलच्या अंगाला. महादेवानं त्या मातीचा एक पुरुष आणि एक बाई केली. पण इंद्रानं दोन आगीचे घोडे पाठवले, त्यांनी बाहुल्या तुडवून माती केली. महादेव पुन्हा करायचे, घोडे पुन्हा तुडवायचे. मग महादेवानं आधी मातीचा कुत्रा केला, त्यात जीव घातला, आणि कुत्र्यानं घोडे पळवून लावले. तेव्हा कुठं मुला आणि मुलाई उभे राहिले. पोथरे आडनावाचे आम्ही त्यांचे.

यात रावण वाईट नाही, हे लक्षात घ्या. त्याच्या सांगण्यावरून आम्ही आहोत. मेघनादालाही आम्ही मानतो. होळीनंतर मेघनादाचा खांब उभा राहतो, आमच्याकडंही आणि छिंदवाड्यात गोंडांकडंही. ताईंनी मेघनाद विचारला, तो पातालकोटचा. तामियाजवळ दुधी नदीचं घोड्याच्या नालेसारखं खोल खोरं आहे, बारा गावं आत, गोंड आणि भारिया लोकांची. काठावर उभं राहिलं की गावं हजार-बाराशे फूट खाली दिसतात. महादेवाची पूजा करून मेघनाद तिथूनच पाताळात गेला, असं म्हणतात. जो महादेवाची पूजा करून गेला त्याला राक्षस म्हणून सोडून देऊ नका, तुमच्या नकाशात त्याचं नाव नीट लिहा.

---

सौंसरचे_गुरुजी

पोथरे भाऊ, फार मोलाचं लिहिलंत. मी दगडावर इतका रमलो की माणसं राहून गेली. मग गोंडांचंही सांगायलाच हवं, कारण हा डोंगर मुळात त्यांचा आणि कोरकूंचा. तिलक सिंदूरला अजून भूमका, म्हणजे गोंड पुजारी, पूजा करतो.

नागपूरला स्टीफन हिस्लॉप नावाचे मिशनरी होते, नागपूरचं हिस्लॉप कॉलेज त्यांच्या नावाचं. त्यांनी प्रधानांकडून, म्हणजे गोंडांच्या भाटांकडून, लिंगोचं, गोंडांच्या आदिगुरूचं, गाणं ऐकून लिहून घेतलं. १८६३ मध्ये ते नदीत बुडून गेले आणि ते कागद १८६६ मध्ये छापले गेले. त्या गाण्यात गोंड फार झाले, त्यांच्या वागण्यानं महादेव कंटाळले. त्यांनी अंगाच्या मळाची खार केली आणि सोडून दिली. गोंड तिच्यामागं धावत गुहेत शिरले, आणि महादेवानं सोळा हात लांब शिळा दाराला लावून सगळ्यांना कोंडलं. बाहेर पहारा कुणाचा? भस्मासुराचा! चौघे तेवढे निसटले आणि काचिकोपा लोहागडाला, लाल डोंगरात, जाऊन राहिले. पुढं लिंगो आला. त्यानं समुद्राकाठी बिंदो पक्ष्याची पिल्लं भवरनागापासून वाचवली, ती महादेवापुढं आणली, आणि कोंडलेले गोंड सोडवून घेतले.

ही जागा कोणती यावर गोंड समाजात दोन्ही मानतात. गोंदिया जिल्ह्यातल्या सालेकसा तालुक्यातलं कचारगड हे मोठं तीर्थ, माघ पौर्णिमेला तिथं लाखो लोक जमतात. आणि पचमढीचा मोठा महादेव हाही. मला भिडतं ते वेगळंच. आपल्या गोष्टीत महादेव गुहेत लपतात आणि भस्मासुर बाहेर शोधत असतो. गोंडांच्या गोष्टीत गोंड गुहेत आहेत, दार महादेवानं लावलंय आणि भस्मासुर राखणीला आहे. तीच तीन पात्रं : गुहा, महादेव, भस्मासुर. फक्त आत कोण आहे ते बदललं. इतिहासात डोंगराच्या आत ढकलला गेला तो कोण, हे मनात ठेवून दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी ऐका. मी वर्गात हे सांगितलं तेव्हा मागच्या बाकावरचा एक गोंड मुलगा ताठ बसला होता.

आणि खार? हांडी खोहच्या काठावर सकाळी शांत बसलात तर शेकरू दिसेल, महाराष्ट्राचा राज्यप्राणी तोच. सालाच्या झाडांवर असते, इकडं सालाला सरई म्हणतात. सगळीकडं साग असलेल्या मुलखात पचमढीला सालाचं जंगल आहे, आणि तेही बऱ्याच अंशी या वालुकाश्माच्या मातीमुळंच. घळींच्या तळाला सावली आणि ओल कायम असते, तिथं झाडाएवढे नेचे आहेत. १९९९ मध्ये पचमढी जीवावरण क्षेत्र घोषित झालं आणि २००९ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलं, ते या असल्या गोष्टींमुळं.

---

वरुडची_लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. पोथरे दादा, मेघनाद नकाशात जाणार, मुला-मुलाईसुद्धा. महाल दादा, काजरीची गोष्ट आजीला माहीत होती, तिनं पुढची ओळ म्हणून दाखवली.

गुरुजी, दोन प्रश्न उरलेत. आमच्याकडं म्हणतात की नागपूरचे भोसले महादेवाच्या डोंगरात लपले होते. हे खरं, की तीही भस्मासुराच्या गोष्टीसारखी? आणि दुसरं, आईचे गुडघे दुखतात. तिला किती दाखवता येईल?

---

सौंसरचे_गुरुजी

भोसल्यांचं खरं आहे, कागदोपत्री आहे. सीताबर्डीच्या लढाईनंतर इंग्रजांनी आप्पासाहेब भोसल्यांना धरलं आणि अलाहाबादकडं नेत होते. मे १८१८ मध्ये जबलपूरच्या अलीकडं ते पहाऱ्यातून निसटले आणि थेट महादेव डोंगरात आले. गोंड सरदारांनी त्यांना आसरा दिला, हर्रईचा चैनशहा त्यांत होता. पावसाळा, ताप आणि या घळी, यांमुळं इंग्रजांच्या तुकड्या आत शिरून काही करू शकल्या नाहीत. १८१९ च्या सुरुवातीला चहूबाजूंनी फौजा आल्या तेव्हा आप्पासाहेब असीरगडाकडं निसटले. शेवट जोधपूरला, १८४० मध्ये. पुढं १८५८ मध्ये तात्या टोप्यांची फौजही नर्मदा ओलांडून याच सातपुड्यातून गेली. लपायला जागा देणारा दगड म्हटला तो असा.

त्यानंतर इंग्रज आले ते राहायलाच. कॅप्टन जेम्स फोर्सिथनं १८६२ मध्ये बायसन लॉज बांधलं, आणि पचमढी मध्य प्रांताची उन्हाळी राजधानी झाली. त्यामुळं पर्यटनाच्या पुस्तकात "पचमढीचा शोध" त्याच्या नावावर दिसतो. तुमच्या आजोबांचे आजोबा पोह्यातून जात होते तो डोंगर कुणी शोधला, हे तुमच्या नकाशात मात्र तसं लिहू नका.

आता आईंचं. शिवरात्रीच्या ऐन गर्दीत नेऊ नका. चार-पाच दिवस आधी जा, तेव्हाही वाटेवर पोहे भेटतातच. छिंदवाडा, तामिया, देलाखारी, मटकुली या रस्त्यानं गाडी काढा. जुन्नारदेवला वाकडी वाट करून पहिली पायरी करून घ्या, आजीला सांगायला होईल. तामियाला थांबून पातालकोट वरून दाखवा, उतरायची गरज नाही. मटकुलीला देनवेचा पूल लागेल, तिथून पचमढीचा घाट. मोठ्या महादेवापर्यंत गाडी जाते, गुहा सपाटीला आहे, आत पाणी असतं म्हणून पायात घसरणार नाही असं काही घाला. गुप्त महादेव तिथून जवळच, पण कपार अरुंद आहे. आईंना कोंडल्यासारखं होत असेल तर बाहेरून नमस्कार पुरे. जटाशंकरला पायऱ्या उतराव्या लागतात, सावकाश जमेल. चौरागडाचा चढ मात्र खडा आहे, पायऱ्याही खूप. तो त्यांना नको. त्रिशूळ वाहायचा असेल तर तुम्ही न्या, त्यांना खाली महादेवापाशी बसवा. वरून उतरेपर्यंत पोह्यांची गाणी ऐकत त्यांचा वेळ जाईल.

वेळ उरला तर एखाद्या चित्रगुहेत जा. तिथं पांढऱ्या-लाल रंगात घोडे, धनुष्यवाले, मध काढणारी माणसं आहेत. १९३० च्या दशकात जी. आर. हंटर यांनी इथल्या गुहांत खणलं तेव्हा बारीक दगडी हत्यारं निघाली, म्हणजे माणूस इथं फार जुना. कृपा करून चित्रांवर पाणी मारून फोटो काढू नका आणि मारणाऱ्याला अडवा. रंग उजळ दिसतो खरा, पण त्याच पाण्यानं वाळूचा कण सुटतो आणि त्याबरोबर चित्र जातं. चौरागडाच्या वाटेवर ऑइल पेंटनं नावं रंगवलेली दिसतील, फार वाईट वाटतं. पोह्यातल्या जुन्या भगतांनी कधी दगडावर नाव लिहिलं नाही.

निघण्याआधी आजीकडून एक करून घ्या. भुराभगत ते चौरागड या टप्प्यात मुक्काम कुठं पडायचा, पाणी कुठं भरायचे, ते विचारून लिहून घ्या. छापील नकाशात हे कुठंच नाही, आणि इकडच्या म्हाताऱ्यांपैकी ते सांगणारे आता थोडे उरलेत. इथं टाकलंत तर मी आमच्याकडच्या भगतांना दाखवून जागा पक्क्या करून देतो.

---

वरुडची_लेक

लगेच बसले आजीजवळ. पहिली दोन नावं सांगितली : एक आंब्याखालचा झरा, आणि एक "घोड्याचं पाणी" म्हणून डोह, तिथं देनवा उतारानं ओलांडायचे. बाकी उद्या विचारते, आता ती दमली आहे. पूर्ण झालं की नकाशासकट टाकते.